पोटातल्या लेकराचा मेंदू तेल-डाळीतूनच बांधला जातो : लग्नानंतरच्या पहिल्या गोळीपासून लेकराच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंत काय काय करायचं

मागच्या पावसाळ्यात वहिनीला सातवा महिना लागला होता, तेव्हा शेजारच्या आजी रोज संध्याकाळी येऊन ओसरीवर बसायच्या आणि एकच सांगायच्या, "लय खाऊ नको वं, पोटातलं लेकरू मोठं झालं त अडते मंग." वहिनीचं पहिलंच बाळंतपण, ती घाबरून ऐकायची. त्यात आमच्याकडे बायका शेवटी जेवतात, म्हणजे तिच्या ताटात येणार काय तर एक भाकर, आंबाडीची भाजी आणि गंजात उरलेलं पातळ वरण. मी नागपूरला बायोकेमिस्ट्री शिकले, आता आर्वीकडे अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवते, आणि वर्गात चेतापेशीचं, म्हणजे मेंदूतल्या पेशीचं, चित्र काढून घरी आल्यावर हे ताट बघायचं म्हणजे मला खरंच कसंतरी व्हायचं, कारण फळ्यावर जी पेशी मी काढत होते तीच पेशी त्या क्षणाला वहिनीच्या पोटात लाखोंनी वाढत होती आणि तिला लागणारं सामान त्या ताटातूनच जाणार होतं.

मग मी एका वहीत सगळं लिहून काढलं, कोणत्या महिन्यात काय आणि का. तीच वही इथे सविस्तर टाकते आहे. लेख लांब आहे, पण घरात कोणी गरोदर असेल किंवा व्हायचा विचार असेल तर पूर्ण वाचा, आणि सासूबाईंना, नवऱ्याला पण वाचून दाखवा, कारण बाईच्या ताटात काय पडणार हे ती एकटी ठरवत नाही.

आधी हे समजून घ्या : पोटात नेमकं काय बांधलं जातं आहे

हा भाग सोडून थेट खाण्याच्या यादीवर जाऊ नका. कारण कळलं की माणूस स्वतःहून करतो, नाहीतर चार दिवस करून सोडून देतो.

मोठ्या माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी असतात, आणि त्यातल्या विचार करणाऱ्या वरच्या थरातल्या बहुतेक सगळ्या आईच्या पोटातच तयार होतात. पण पेशी तयार झाली म्हणजे काम झालं असं नाही. तिला एक लांब धागा काढावा लागतो, आणि तो धागा दुसऱ्या नेमक्या पेशीपर्यंत पोचवावा लागतो. पाठीच्या कण्यातून पायापर्यंत जाणारा असा एक धागा मोठ्या माणसात जवळजवळ एक मीटर लांब असतो, एका पेशीचा.

या धाग्याच्या टोकाला पंज्यासारखा एक भाग असतो, त्याला ग्रोथ कोन म्हणतात. स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल या शास्त्रज्ञाने १८९० मधे कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात तो पहिल्यांदा ओळखला, पुढे १९०६ मधे चेतासंस्थेच्या रचनेच्या कामासाठी त्याला गोल्जीसोबत नोबेल मिळालं. पऱ्हाटीचं (कपाशीचं) मूळ जमिनीत कसं जाते बघा, टोक चाचपत चाचपत ओल शोधते, दगड लागला की वळते, तसाच हा ग्रोथ कोन चाचपत जातो, कुठे चिकटायचं कुठून वळायचं ते आजूबाजूच्या रसायनांवरून ठरवतो.

आता धागा लांब होतो म्हणजे काय होतं? त्याच्यावरचा पातळ पडदा वाढतो. हा पडदा बनलेला असतो लिपिडचा, म्हणजे स्निग्ध पदार्थांचा, मुख्यतः फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल. पेशीच्या आत या पडद्याचे छोटे छोटे फुगे तयार होतात, ते धाग्याच्या आतल्या रुळांवरून टोकाकडे नेले जातात आणि टोकाला जाऊन बाहेरच्या पडद्यात मिसळतात, तेवढा पडदा वाढला. ते रूळ प्रोटीनचे, ट्युब्युलिन नावाच्या. ओझं ओढणारा हमालही प्रोटीनच, कायनेसिन, आणि त्याची ने-आण दिवसाला ४० सेंटीमीटरपर्यंत होऊ शकते. फुगा टोकाला आला की त्याला पडद्याशी जोडणारे हात, ते पण प्रोटीनचेच.

माझं सगळं म्हणणं याच जागेवर आहे, म्हणून नीट वाचा. या जोडणाऱ्या हातांपैकी सिंटॅक्सिन-३ नावाचं एक प्रोटीन आहे. २००६ मधे डॅरिओस आणि डॅव्हलेटॉव या दोन संशोधकांनी 'नेचर' मधे दाखवलं की ओमेगा-३ आणि ओमेगा-६ गटातली ठराविक फॅटी आम्लं (डीएचए त्यातलंच एक) या प्रोटीनला कामाला लावतात आणि मग पडदा वाढतो, धागा लांब होतो. म्हणजे तेल हे फक्त भिंतीची वीट नाही, गवंड्याला "लाव आता" म्हणणाराही तेलच आहे. आणि उलटं पण आहे, ग्रोथ कोनमधे गॅप-४३ नावाचं प्रोटीन भरपूर असतं, त्याला पामिटिक आम्लाची म्हणजे चरबीची शेपटी जोडलेली असते, ती शेपटी पडद्यात रुतते तेव्हा ते प्रोटीन जागेवर बसतं. प्रोटीन आहे पण चरबी नाही तर ते बसणार कुठे, आणि चरबी आहे पण प्रोटीन नाही तर तिला टोकापर्यंत नेणार कोण? म्हणून "आम्ही डाळ खातो ना" किंवा "आम्ही तूप देतो ना" असं एकएकटं म्हणून भागत नाही.

तिसरं काम म्हणजे मायलिन. विहिरीवरच्या मोटरची वायर बघा, तांब्याच्या तारेवर प्लास्टिकचं वेष्टन असते म्हणून करंट गळत नाही. चेतापेशीच्या धाग्यावर तसं वेष्टन चढते, त्याला मायलिन म्हणतात. पाणी काढून वजन केलं तर मायलिनचा ७० ते ८० टक्के भाग निव्वळ लिपिड आणि उरलेला जवळपास सगळा प्रोटीन. वेष्टन नसलेल्या बारीक धाग्यातून संदेश सेकंदाला एखादा मीटर जातो, जाड आणि चांगलं वेष्टन असलेल्या धाग्यातून सेकंदाला ५० ते १०० मीटर. हे वेष्टन चढायला पोटात सुरुवात होते पण खरा जोर जन्मानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत असतो, आधी हालचाल आणि दिसण्या-ऐकण्याच्या भागात, आणि कपाळामागचा विचार करणारा भाग सगळ्यात शेवटी, पार विशीत गेल्यावर.

जन्मताना मेंदू साधारण ३५० ते ४०० ग्रॅमचा असतो आणि दोन वर्षांत तो मोठ्या माणसाच्या मेंदूच्या पाऊणपटीपर्यंत जातो. हा वेग पुन्हा आयुष्यात कधी येत नाही, म्हणून घाई आहे.

पायरी १ : दिवस जायच्या आधी

बहुतेक घरांत गरोदर असल्याचं कळतं तेव्हा दीड-दोन महिने झालेले असतात. पण मेंदू आणि पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू ज्या नळीतून बनतो ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांतच बंद होते. म्हणजे कळायच्या आधीच ते काम संपलेलं असतं. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी, रोज ४०० मायक्रोग्रॅम, ठरवलं त्या महिन्यापासूनच सुरू करायची, उपकेंद्रात नर्सताईंना किंवा आशाताईंना विचारा. आधीच्या लेकराला पाठीच्या कण्याचा दोष असेल तर डोस खूप जास्त लागतो, तो डॉक्टरच ठरवतील.

याच वेळी तीन तपासण्या करून घ्या. हिमोग्लोबिन, सिकलसेल (आपल्या विदर्भात हा रक्ताचा आजार बराच आहे, दोघांचीही तपासणी करा, आणि सिकलसेलचा पेशंट असेल तर लोहाच्या गोळ्या डॉक्टरला विचारूनच घ्यायच्या), आणि जमलं तर बी-१२. माळकरी घर असेल, अंडी-मटण अजिबात नसेल, आणि दूधही चहापुरतंच येत असेल तर बी-१२ ची तपासणी टाळू नका, कारण हे जीवनसत्त्व डाळीत नाही, भाजीत नाही, फक्त दूध, दही, अंडी, मासे, मटण यातच मिळते, आणि मायलिन बनायला ते लागतेच. एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारलेलं दिसते पण चेतापेशींचं नुकसान आतून चालूच राहते.

पायरी २ : पहिले तीन महिने

यात जास्त सांगण्यासारखं नाही. उलट्या होतात, जे पोटात टिकते ते थोडं थोडं खा. फुटाणे, मुरमुरे, लिंबू टाकून वरण, दही-भात. फॉलिक ॲसिड चालू ठेवा. अंगणवाडीत नाव नोंदवा, पहिलं बाळंतपण असेल तर मातृवंदना योजनेचे ५००० रुपये मिळतात, त्याचा फॉर्म तिथेच भरतात, आणि ते पैसे कृपा करून अंडी-दुधावर जाऊ द्या.

आयोडीनचं मीठ वापरा आणि डब्याचं झाकण लावा, चुलीजवळ उघडं ठेवलेलं मीठ आयोडीन गमावते. आयोडीनपासून थायरॉईडचं संप्रेरक बनते, आणि ते कमी पडलं तर चेतापेशींचं स्थलांतर आणि मायलिन दोन्ही अडते. खडे मीठ स्वस्त पडते म्हणून घेऊ नका.

पायरी ३ : चौथा ते नववा महिना, रोजचं ताट

आपल्या देशाच्या आहार शिफारशींप्रमाणे साधारण ५५ किलोच्या बाईला रोज ४६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन लागते, गरोदरपणात मधल्या तीन महिन्यांत त्यावर साडेनऊ ग्रॅम आणि शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅम वाढवायचं. म्हणजे शेवटी शेवटी ६८ ग्रॅम. आकडा मोठा वाटते पण मी वहिनीसाठी घरातल्याच सामानात बसवून दाखवला :

ज्वारीच्या चार भाकरी (प्रत्येकी ५० ग्रॅम पीठ धरलं तर) २० ग्रॅम, घट्ट वरणाच्या दोन वाट्या १३, मूठभर फल्लीदाणे (शेंगदाणे) ७, एक अंडं ६, पेलाभर दूध ६, मूठभर फुटाणे ६, बरबटी (चवळी) किंवा मोठाच्या (मटकीच्या) उसळीची एक वाटी ७, जवसाची चटणी २. झाले ६७. अंडं नको असेल तर त्याजागी सोयाबीनच्या वड्या, सुक्या ३० ग्रॅम वड्यांतच १५ ग्रॅम प्रोटीन आहे.

भाकर आणि वरण एकाच जेवणात घ्या. ज्वारीत लायसिन नावाचं अमायनो आम्ल कमी असते ते तुरीत भरपूर, आणि डाळीत जे कमी असते ते ज्वारीत आहे, दोघं मिळून पूर्ण प्रोटीन होते. आपल्या जुन्या लोकांचं वरण-भाकर हे जेवण बरोबरच होतं, फक्त बाईच्या वाट्याला वरण पातळ यायचं एवढंच चूक होतं. शेवटी जेवायचीच पद्धत घरात मोडणार नसेल तर तिच्या वाटीचं घट्ट वरण आधीच काढून झाकून ठेवा, आमच्याकडे आईने तेच केलं, भांडण न होता झालं.

आता तेलाचं. करडई आणि सूर्यफुलाच्या नेहमीच्या तेलात ओमेगा-६ भरपूर पण ओमेगा-३ जवळजवळ नाहीच. फल्लीतेलातही नाही. सोयाबीनच्या तेलात थोडं आहे. आणि जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त भाग ओमेगा-३ आहे. हे जवस आपल्याच शेतात हरभऱ्याच्या कडेने पेरायचे, आता पेरा फार कमी झाला आणि लोक शहरातून महागड्या पाकिटात अळशी म्हणून तेच विकत आणतात, याचं मला फार वाईट वाटते.

पण इथे खरं सांगायला पाहिजे, जवसातलं ओमेगा-३ हे एएलए प्रकारचं, आणि मेंदूला हवं असते डीएचए. शरीर एकाचं दुसरं करते पण फार थोडं, शेकड्यात काही मोजकेच भाग, तरुण बायकांच्या शरीरात हे थोडं बरं होते. म्हणून जवस रोज, आणि त्यासोबत जे चालते ते मासे किंवा अंडी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने दिवसाला २०० मिलिग्रॅम डीएचए घ्यावं अशी शिफारस आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत, तिथले मासे, झिंगे आठवड्यातून दोन-तीनदा खा, समुद्राच्या माशाइतकं डीएचए त्यात नसते पण असते, आणि प्रोटीन, बी-१२ वरून मिळते. आमच्या वर्धा-यवतमाळकडे बाजाराच्या दिवशी सुकट येते, ती धुऊन भाजून चटणीत टाका. पूर्ण शाकाहारी असाल तर शेवाळापासून बनवलेल्या डीएचएच्या गोळ्या मिळतात, डॉक्टरला विचारून घ्या.

जवसाची चटणी करताना : जवस मंद आचेवर तडतडेपर्यंतच भाजायचे, काळे करायचे नाहीत. थंड झाल्यावर तिखट, मीठ, लसूण, जिरे टाकून कुटायचे किंवा मिक्सरला फिरवायचे. कुटलेच पाहिजेत, अख्खा जवस पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो. आणि आठवड्यापुरतीच करा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, कुटल्यावर त्यातलं तेल हवेने लवकर खवट होते. रोज एक-दोन चमचे पुरे, वाट्याच्या वाट्या खाऊ नका. जवसाचं तेल कच्चंच भाकरीवर किंवा चटणीवर घ्यायचं, त्यात तळण करू नका.

अंड्याबद्दल अजून एक. पिवळ्या बलकात कोलीन असते, मोठ्या अंड्यात सव्वाशे मिलिग्रॅमच्या वर. चेतापेशीच्या पडद्याचं जे मुख्य फॉस्फोलिपिड ते या कोलीनपासून बनते. म्हणून पांढरं खाऊन बलक टाकायचा नाही. "कोलेस्टेरॉल वाढेल" ही भीती निरोगी गरोदर बाईने बाळगू नये. शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी पाचवा हिस्सा एकट्या मेंदूत असतो, आणि मेंदू ते स्वतःच बनवतो, रक्तातलं घेत नाही.

डालडा आणि तेच तेच तापवलेलं तेल मात्र बंद. वनस्पती तुपातली ट्रान्स फॅट चांगल्या फॅटी आम्लांच्या आड येते. देशात २०२२ पासून तेल-तुपात ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या आत ठेवायचा नियम आहे, तरी बसस्टँडवरच्या कढईत दिवसभर उकळलेल्या तेलाचे भजे-समोसे गरोदर बाईने नकोच.

लाखोळीबद्दल वेगळं सांगते. पूर्व विदर्भात लाखोळीची (खेसारीची) डाळ स्वस्त असते, चुनासाठी म्हणजे पिठल्यासाठी, भज्यांसाठी वापरतात, तुरीत मिसळलेलीही येते. तिच्यात ओडीएपी नावाचं विष असते जे हालचालीच्या चेतापेशींवरच जाते, महिनोनमहिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय कायमचे लुळे पडतात, त्याला लॅथिरिझम म्हणतात. गरोदरपणात आणि लहान लेकराला ती नकोच, तुरीची डाळ घरच्या किंवा ओळखीच्या शेतातली घ्या.

गोळ्या : चौथ्या महिन्यापासून लोह-फॉलिक ॲसिडची लाल गोळी रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. मायलिन चढवणाऱ्या पेशींना लोह फार लागते. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, दोन्हींमधे दोन तास ठेवा, एकत्र घेतल्या तर लोह शोषलं जात नाही. आणि गोळीनंतर तासभर चहा नाही. लिंबू, आवळा, कच्चं टमाटर यांच्यासोबत लोह चांगलं लागते. शौचाला काळं होणं नॉर्मल आहे, त्या भीतीने गोळ्या बंद करू नका.

आदिवासी भागात असाल, मेळघाट, गडचिरोली वगैरे, तर अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत अंगणवाडीत गरोदर आणि स्तनदा बायकांना एक वेळचं ताजं जेवण मिळते, ते हक्काचं आहे, तिथेच बसून जेवा, घरी डबा आणला की तो सगळ्यांत वाटला जातो.

पायरी ४ : काय लांब ठेवायचं

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून केलेला. हे मला मोठ्याने सांगायचं आहे, कारण चंद्रपूर-गडचिरोलीकडे आणि आता आमच्याकडे पण बायका खर्रा खातात, उलटी थांबते म्हणून गरोदरपणात जास्तच खातात. निकोटिन नाळेतून लेकराकडे जाते आणि वाढत्या चेतापेशींवर ज्या जागी मेंदूचं स्वतःचं रसायन बसायचं त्याच जागी जाऊन बसते. नस, गुल, बिडी सगळं तेच.

दारू, मोहाची असो की दुकानातली, एक घोटही नको. चेतापेशीच्या पडद्यात लिपिडची छोटी बेटं असतात, लिपिड राफ्ट, आणि त्यांच्याशी बांधलेलं एल-१ नावाचं प्रोटीन असते जे धाग्याला दुसऱ्या पेशीला चिकटून पुढे जायला मदत करते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर दिसलं आहे की अल्कोहोल नेमकं याच प्रोटीनचं काम बिघडवते.

फवारणी. २०१७ मधे यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन जे झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मोनोक्रोटोफॉससारखी औषधं चेतासंस्थेतलं कोलिनेस्टरेज हे प्रोटीन बंद पाडतात, मोठा माणूस कोसळतो तर पोटातल्याचं काय. गरोदर बाईने फवारणीच्या दिवशी वावरात जायचं नाही, औषध कालवायचं नाही, आणि नवऱ्याचे फवारणीचे कपडे धुवायचे नाहीत, हे शेवटचं कोणी सांगतच नाही. ते कपडे त्याने स्वतः वेगळ्या टोपल्यात धुवावे.

पायरी ५ : जन्म ते सहा महिने

पहिल्या तासात अंगावर घ्या. चीक दूध पिवळं म्हणून काढून फेकायचं नाही. मध, साखरपाणी, घुटी काही नाही, सहा महिने पाणीसुद्धा नाही, उन्हाळ्यात चंद्रपूरच्या उन्हातही नाही, आईच्या दुधात पुरेसं पाणी असते.

आईच्या दुधातली निम्मी ऊर्जा चरबीतून येते. आणि पाजताना शेवटी येणारं दूध जास्त स्निग्ध असते, म्हणून एक बाजू पूर्ण रिकामी होऊ द्या, पाच मिनिटांत बाजू बदलू नका. दुधात चरबी किती ते आईच्या रोजच्या खाण्यावर फारसं अवलंबून नसते पण कोणत्या प्रकारची चरबी आहे ते असते, तिने डीएचए खाल्लं तर दुधात डीएचए येते. म्हणून बाळंतिणीला सव्वा महिना नुसता भात आणि मिरचीशिवायचं पाणचट वरण देणं हे बंद करा. तिला पहिले सहा महिने रोजच्यापेक्षा १७ ग्रॅम प्रोटीन जास्त लागते. डिंकाचे लाडू चांगले, त्यात जवस आणि तीळ पण घाला. मुंगन्याच्या (शेवग्याच्या) शेंगा, मेथी, अंडी, मासे सगळं चालते, लेकराला सर्दी होत नाही त्याने.

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. घरी येऊन नवजात बाळ सांभाळायची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या कामातून उभी राहिली आणि मग देशभर गेली, आपल्याच भागातली गोष्ट आहे. त्या आल्या नाहीत तर फोन करून बोलवा.

पायरी ६ : सहा महिने ते दोन वर्षं

इथेच सगळ्यात जास्त चूक होते. वरणाचं पाणी. भाताची पेज. बिस्किट चहात बुडवून. लेकराचं पोट मुठीएवढं, त्यात पाणी भरलं की ते रडायचं थांबते आणि आपल्याला वाटते पोट भरलं. या वयात लेकरू निवांत असताना जी ऊर्जा वापरते त्यातली निम्म्याच्या आसपास एकटा मेंदू खातो.

माझं साधं माप : चमचा तिरपा केला तर अन्न ओघळून पडायला नको, चमच्यावर टिकून राहायला पाहिजे. तांदूळ किंवा ज्वारीचा भरडा दोन भाग, मूग किंवा तूर डाळ एक भाग, चांगलं मऊ शिजवून घोटून, त्यात कुटलेल्या भाजलेल्या फल्लीदाण्याची बारीक पूड अर्धा चमचा (अख्खा दाणा कधीच नाही, घशात अडकतो) आणि वरून एक चमचा तेल किंवा तूप. दर जेवणात. दोन वर्षांच्या आत चरबी कमी करायचा प्रश्नच नाही. उकडलेलं अंडं सहाव्या महिन्यानंतर कुस्करून द्या, पाव अंड्यापासून सुरू करा.

किती? सहा ते आठ महिने, दोन-तीन चमच्यांपासून वाढवत अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसातून दोन-तीनदा. नऊ ते अकरा, अर्धी वाटी तीन-चारदा. वर्षानंतर पाऊण ते एक वाटी तीन-चारदा आणि मधे एखाद-दोनदा केळं, अंडं, फल्लीच्या पुडीचा लाडू. वाटी म्हणजे २५० मिलिलिटरची, आपली आमटीची छोटी नाही. लेकराची वाटी वेगळी ठेवा, मोठ्यांच्या ताटातून दोन घास दिले की किती गेलं ते कळतच नाही. अंगावरचं दूध दोन वर्षं चालूच. वर्षाच्या आत मध नाही.

ग्वाटेमालामधे १९६९ ते १९७७ या काळात चार खेड्यांत एक अभ्यास झाला होता, दोन खेड्यांतल्या लेकरांना प्रोटीन असलेलं घट्ट पेय आणि दोन खेड्यांतल्यांना प्रोटीन नसलेलं गोड पेय. पहिल्या पेयात ऊर्जाही जास्त होती, त्यामुळे श्रेय एकट्या प्रोटीनला देता येत नाही. पण तीस वर्षांनी तीच माणसं शोधून पाहिली तेव्हा पहिल्या दोन वर्षांत घट्ट पेय मिळालेल्या पुरुषांची तासाची कमाई ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. मी हे आमच्या गावच्या बैठकीत सांगितलं तेव्हा आतापर्यंत गप्प बसलेल्या बापांनी पहिल्यांदा प्रश्न विचारले.

लोहाचं सिरप सहाव्या महिन्यापासून, आठवड्यातून दोनदा १ मिली, आशाताईंकडे मिळते.

पायरी ७ : कधी धावत जायचं

माझ्या मोठ्या जावेचा मुलगा. गुटगुटीत होता, गोरा दिसायचा, खरं म्हणजे पांढरा पडला होता. दहाव्या महिन्यापर्यंत बसायचा, हसायचा, आणि मग हळूहळू हसणं बंद झालं, बसवलं की एका बाजूला पडायचा, बोटांची पेरं काळी पडली, केस विरळ आणि तांबूस. ज्या दवाखान्यात आधी नेलं तिथे "दात येत आहेत, होईल बरा" सांगून परत पाठवलं. नंतर हात-मान थरथरायला लागले. तेव्हा दुसरीकडे नेलं, रक्त तपासलं तर बी-१२ नावालाच होतं, जाऊबाईंचंही. घर पक्कं शाकाहारी, दूध सगळं डेअरीला, आणि लेकरू वरचं काहीच न खाता फक्त अंगावरच्या दुधावर. इंजेक्शनं सुरू झाल्यावर आठवड्याभरात तो पुन्हा हसला, पण चालायला उशीर झालाच, बोलायलाही.

म्हणून ही लक्षणं पाठ करा. शिकलेली गोष्ट लेकरू विसरायला लागलं, हसणं-पाहणं कमी झालं, थरथर, पांढरेपणा, पेरं काळी, तर दातांवर ढकलू नका, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञाकडे जा आणि बी-१२ चं नाव स्वतः काढा. यासोबत चार महिन्यांत मान धरत नाही, नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षात चालत नाही, तर तपासून घ्या. दर महिन्याला अंगणवाडीत वजन, आणि डोक्याचा घेर पण मोजायला सांगा, जन्मताना ३५ सेंटीमीटरच्या आसपास असते ते वर्षाला ४५-४६ पर्यंत जाते. दंडाचा घेर साडेअकरा सेंटीमीटरच्या आत असेल तर अंगणवाडीतली मोजपट्टी लाल रंग दाखवते, मग थांबायचं नाही.

लेकरू दोन वर्षांच्या पुढे गेलं असेल तर

बरेच जण हेच विचारतात, आमची वेळ गेली का म्हणून. पहिला जोर गेला, पण मायलिन चढणं बंद झालेलं नसते. तेच ताट पुढे चालू ठेवा, घट्ट वरण, अंडं, फल्ली, जवसाची चटणी कमी तिखटाची. लोहाचं सिरप पाच वर्षांपर्यंत मिळते. जंताची गोळी वर्षाच्या वर सुरू होते, दोन वर्षांच्या आत अर्धी, पुढे एक, बारीक करून पाण्यासोबत, अंगणवाडीत वर्षातून दोनदा देतात, त्या दिवशी लेकरू वावरात सोबत नेऊ नका, आधी तिथे न्या.